दहा वाजताचा भाव

कौसल्या रंगारी यांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्यांचा आवाज मला सहा वर्षांपासून ओळखीचा होता. मी नागपुरात लहानसहान घरांची बांधकामं घेतो. सळाखी कुठून घ्यायच्या हे ठरवण्याआधी रोज सकाळी दहा-सव्वादहाला कळमन्याच्या बाजूच्या एका लोखंडाच्या दुकानात फोन लावायचो. पलीकडून सावकाश, जरा खर्जातला आवाज यायचा, "बोला प्रीतमभाऊ," आणि मग आठ एमएम, दहा, बारा, सोळा अशा चढत्या जाडीच्या क्रमानं भाव. भाव सांगून झाला की त्या थांबत. मी "उद्या काय होईन?" असं विचारलं की एकच उत्तर ठरलेलं असे: "उद्याचं उद्या विचारा."

सुरुवातीला मला वाटायचं, बाई तुसड्या आहेत. नंतर एकदा मालाच्या तक्रारीसाठी दुकानात गेलो तेव्हा त्यांना पाहिलं. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, चष्मा गळ्यात दोरीनं लटकवलेला, टेबलावर दोन मोबाइल, एक जुना लँडलाइन आणि एक जाड वही. गोदामात ट्रक उतरत होता. सळाखींच्या खणखणाटात दुसऱ्या माणसाला ओरडावं लागलं असतं, पण त्या नेहमीच्याच आवाजात फोनवर बोलत होत्या आणि पलीकडच्याला ऐकू जात असावं.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवला त्या या दुकानात टायपिंगसाठी लागल्या. आताचे मालक गिरिधरशेठ तेव्हा कॉलेजात होते, गादीवर त्यांचे वडील बसत. रायपूरहून, जालन्याहून कारखान्यांचे एजंट सकाळी फोन करत आणि मोठे शेठ आतून ओरडून विचारत, "काय म्हणून राहिला तो?" कौसल्याताई ऐकलेला आकडा कागदावर लिहीत. कागद हरवू लागले म्हणून वही केली. त्या वहीच्या पुढं पंचवीस-तीस वह्या झाल्या. डाव्या बाजूला तारीख आणि भाव, उजव्या समासात बारीक अक्षरात कारण, कळलं असेल तर: 'वीज महागली'. 'चीनमध्ये कारखाने बंद'. 'ऑस्ट्रेलियात पूर, कोळसा अडकला'. पुष्कळ दिवसांपुढं नुसतं प्रश्नचिन्ह असे.

टेबलाच्या खणात त्यांच्या मुलीचा, मिनलचा, शाळेतला नकाशासंग्रह होता. बातमीत एखाद्या बंदराचं नाव आलं की त्या तो काढून बोट फिरवत बसत. मिनल नर्सिंग शिकून मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात लागली तरी तो नकाशासंग्रह दुकानातच राहिला.

पुढचं काही सांगायचं नाही हा नियम त्यांना कुणी घालून दिला नव्हता. दोन हजार आठ साली भाव चढत चालला होता, तेव्हा मोठ्या शेठनी आणखी चढेल म्हणून गोदाम छताला लागेपर्यंत भरलं होतं. दिवाळीच्या सुमारास भाव असा कोसळला की ते आठ-दहा दिवस गादीवर येऊन नुसते बसत, चहासुद्धा मागत नसत. एवढा जाणता माणूस चुकतो, हे कौसल्याताईंनी समोर बसून पाहिलं होतं. तेव्हापासून त्यांनी आजच्या आकड्यापुढं जायचं नाही, असं आपल्यापुरतं ठरवून टाकलं. चौदा वर्षं ते पाळलंही.

ते मोडलं दोन हजार बावीस सालात, आणि त्यात माझाही हात होता.

भिवापूरहून सात-आठ किलोमीटर आत माझ्या बायकोचं माहेर आहे. तिथल्या लोकांनी गावातल्या मुलामुलींसाठी अभ्यासिका बांधायचं मनावर घेतलं. पोलीस भरतीची, तलाठ्याची परीक्षा देणारी पोरं देवळाच्या ओट्यावर नाहीतर शेतातल्या खोपडीत अभ्यास करत. गावानं मिरचीच्या हंगामात घरटी वर्गणी काढली. कमिटीचे अध्यक्ष चंद्रभान शेंडे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. नकाशा मी काढून दिला, देखरेख फुकट करतो म्हणालो, आणि लोखंडासाठी कौसल्याताईंचा नंबर दिला. एकंदर चार टन सळाखी लागणार होत्या.

चंद्रभानभाऊ फेब्रुवारीपासून रोज त्यांना फोन करू लागले. तेव्हा भाव चौसष्ट रुपये किलो होता. जरा उतरेल म्हणून ते थांबले. पंधरा दिवसांत तिकडे युक्रेनमध्ये लढाई सुरू झाली आणि भाव उतरायच्या ऐवजी रोज चढू लागला. सदुसष्ट, सत्तर, बाहत्तर. रोज दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन येई आणि रोज कौसल्याताईंना कालच्यापेक्षा वाईट आकडा सांगावा लागे.

"ताई, मी थांबलो हेच चुकलं का?" एके दिवशी त्यांनी विचारलं.

"आजचा भाव त्र्याहत्तर आहे, भाऊ," कौसल्याताई म्हणाल्या. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. फोन ठेवल्यावर फार ओशाळल्यासारखं झालं, म्हणाल्या. तो माणूस गावाच्या पैशासाठी तळमळतो आहे आणि आपण बारा एमएम, सोळा एमएम करतो आहोत.

एप्रिलच्या मध्याला वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात लोखंडाच्या व्यापाऱ्यांची सभा होती. मुंबईचा एक सल्लागार येत्या सहा महिन्यांचा बाजार सांगणार होता. गिरिधरशेठना लिहायचा कंटाळा, म्हणून ते कौसल्याताईंना सोबत घेऊन गेले. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. पडद्यावर रंगीत रेघा होत्या. लढाई, कोळसा, युरोपातून आपल्या मालाला आलेली मागणी, असं एकेक सांगत त्या तरुण माणसानं रेघ वर नेली आणि म्हणाला की पावसाळ्यापर्यंत भाव पंच्याऐंशीच्या पुढं जाईल. कौसल्याताईंना त्यातलं बहुतेक सगळं ओळखीचं वाटलं. जे त्या बारीक अक्षरात समासात लिहीत आल्या होत्या, तेच हा माणूस मोठ्या पडद्यावर मांडत होता. चहाच्या वेळी शेठनी चार जणांना सांगितलं, "हमारी कौसल्याजी को सब पता रहता है." त्या दिवशी त्या घरी गेल्या तेव्हा जरा ताठ चालत होत्या, असं मिनलनं पुढं एकदा आईसमोरच मला सांगितलं, आणि कौसल्याताई हसल्या नाहीत.

त्यानंतरचा सोमवार, अठरा एप्रिल. भाव पंच्याहत्तर. दहा वाजून दहा मिनिटांनी फोन आला.

"ताई, तुम्ही माह्या जागी असत्या तर काय केलं असतं?"

कौसल्याताईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "घेऊन घ्या भाऊ. आणखी चढते हे."

बुधवारी ट्रक गावात गेला. चार टन, एकरकमी.

महिनाभर त्यांचं म्हणणं खरंही ठरल्यासारखं दिसलं. मग मेच्या एकवीस तारखेला, शनिवारी संध्याकाळी, सरकारनं परदेशी जाणाऱ्या पोलादावर पंधरा टक्के कर लावल्याची बातमी आली. सोमवारी सकाळी रायपूरचा एजंट काही केल्या भावच सांगेना. दुपारी त्यानं जो आकडा सांगितला तो कौसल्याताईंनी दोनदा विचारून घेतला. बाहेर जाणारा माल आता इथंच राहणार होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भाव सत्तावन्नवर आला.

गिरिधरशेठच्या गोदामातही माल पडून होता, त्यांचंही नुकसान झालं. पण त्यांना अशा गोष्टींची सवय होती. "मार्केट है," म्हणाले आणि कूलरसमोर जाऊन बसले. कौसल्याताईंना मात्र दहा वाजून दहा मिनिटांनी फोनकडे पाहायची सवय लागली होती. चंद्रभानभाऊंचा फोन येत नव्हता. येण्याचं कारणही उरलं नव्हतं. कौसल्याताईंनी एकदा आपण होऊन त्यांचा नंबर काढला आणि लावला नाही.

मीही त्यांना काही सांगितलं नव्हतं. गावात जे चाललं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. उमरेडच्या एका दुकानदारानं गावातल्या कुणाला तरी सांगितलं की आता लोखंड सत्तावन्न रुपये आहे. गावानं हिशेब केला, बहात्तर हजार जास्त गेले. अभ्यासिकेच्या फरशीचे आणि खिडक्यांचे पैसे त्यातच गेले होते. मग कुणीतरी म्हणालं की चंद्रभाननं दुकानातून टक्का खाल्ला असेल. मग कुणीतरी माझंही नाव घेतलं, दुकान मीच दाखवलं होतं म्हणून. मला एवढा राग आला की स्लॅब टाकून झाल्यावर मी तिकडे जायचं बंद केलं. बायकोनं सांगितलं की पुढच्या रविवारी कमिटीची सभा आहे आणि चंद्रभानभाऊ अध्यक्षपद सोडणार आहेत. मी म्हणालो, सोडू दे.

त्याच आठवड्यात दुसऱ्या कामासाठी दुकानात गेलो तेव्हा कौसल्याताईंनी विचारलं, "शेंडेभाऊंचं काम कुठवर आलं?" मी टाळाटाळ केली. त्यांनी पुन्हा विचारलं. मग मी सगळं सांगितलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्यायनं माह्यं नाव नाही सांगितलं?"

"नाही. 'मीच ठरवलं' म्हणते ते सगळ्यायले."

"रविवारी किती वाजता आहे सभा?"

"ताई, तुम्ही काहून येता? तुमचा काही संबंध नाही. भाव तर कोणालेच माहीत नव्हता."

"सांगितलं मी होतं ना," त्या म्हणाल्या. "मंग मीच जाईन."

शनिवारी त्या गिरिधरशेठशी बोलल्या. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. शेठ बाहेर येऊन मला एवढंच म्हणाले की भाव तो भाव, तो मागं फिरत नाही, पण खिडक्यांच्या जाळ्यांचं लोखंड ते नफा न घेता देतील. कौसल्याताईंनी मान हलवली आणि वही पिशवीत घातली.

रविवारी माझ्या गाडीनं आम्ही निघालो. त्यांनी रस्त्यात एकदाही खिडकीतून बाहेर पाहिलं नाही. उमरेड गेल्यावर म्हणाल्या, "मी चार माणसांपुढं कधी बोलली नाही, प्रीतमभाऊ. शाळेतसुद्धा नाही." मी म्हटलं, फोनवर तर दिवसाला शंभर जणांशी बोलता. "फोनवर ते मले पाहत नाही ना," त्या म्हणाल्या.

सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. पन्नास-साठ माणसं असतील, बायाही बऱ्याच. चंद्रभानभाऊ पुढं खुर्चीवर बसले होते, अंगात इस्त्रीचा सदरा. आम्हाला पाहून ते उठून उभे राहिले आणि काय करावं ते न सुचून तसेच उभे राहिले. मी दोन शब्दांत कौसल्याताईंची ओळख करून दिली. लोकांमध्ये कुजबुज झाली. त्या पुढं गेल्या, वही काढली, आणि नमस्कार वगैरे काही न करता वाचायला लागल्या.

"सात फेब्रुवारी, चौसष्ट. आठ फेब्रुवारी, चौसष्ट. नऊ फेब्रुवारी, साडेचौसष्ट."

पहिल्या ओळींना आवाज कापत होता. पुढं तो त्यांचा नेहमीचा झाला, सकाळी दहाचा. लोक शांत झाले. मार्च आला, आकडे चढू लागले. मधेमधे त्या समासातलं कारणही वाचत. अठरा एप्रिलला त्या थांबल्या.

"पंच्याहत्तर. त्या दिवशी भाऊंनी मले विचारलं का काय करू. मी म्हटलं घेऊन घ्या. असं कोणाले सांगत नाही मी, त्यायले सांगितलं. ते माह्यं चुकलं. भाऊंनी दुकानातून एक रुपया घेतला नाही. प्रीतमभाऊंनी बी नाही. कोणाले पाहायचं असन तर वही इथं ठेवते."

पुढच्या रांगेतला एक पोरगा उठला. आयुष त्याचं नाव, भरतीची तयारी करणारा. बोलणं सरळ होतं. "मॅडम, पण दुकानाचा तर फायदा झाला न?"

"झाला," कौसल्याताई म्हणाल्या. "किलोमागं रोज जितका होते तितकाच झाला. भाव पडला तेव्हा आमच्या गोदामात बी माल होता, त्याचा बी पडला. पण ते दुकानाचं आहे. तुमच्या खिडक्या गेल्या ते मले माहीत आहे."

आयुष खाली बसला. मग मागून तुळसाबाई म्हणून एक म्हातारी बोलली. तिनं मिरच्या तोडण्याच्या मजुरीतून वर्गणी दिली होती. "बाई, ते लढाई तिकडे कुठी होऊन राहिली. आपल्या सळाखीचं तिच्याशी काय आहे?"

या प्रश्नाचं उत्तर कौसल्याताईंनी फार नीट दिलं. त्या म्हणाल्या, लढाई झाली तो देशही लोखंड विकत होता. त्याचा माल बंद झाला, तेव्हा बाहेरचे गिऱ्हाईक आपल्या कारखान्यांकडे आले. आपला माल तिकडे जाऊ लागला, इथं कमी पडला, म्हणून महाग. भट्टीचा कोळसा बाहेरून येतो, तोही महागला. मग सरकारनं बाहेर जाणाऱ्या मालावर कर लावला, माल इथंच राहिला, म्हणून स्वस्त. "सरकार कोणत्या शनिवारी काय करन, हे ना आमच्या शेठले माहीत होतं, ना मोठ्या हॉटेलात भाषण देणाऱ्याले."

"म्हणजे मिरचीसारखंच आहे," तुळसाबाई म्हणाली.

"तसंच," कौसल्याताई म्हणाल्या. "फक्त मिरची तुम्ही विकता, अन् लोहा तुम्ही घेता."

काही लोक हसले. व्हरांड्यात जरा हालचाल झाली. वही हातोहात फिरली, दोघातिघांनी पानं उलटून पाहिली. मागं खांबाला टेकून उभा असलेला एक जण तेवढ्यात निघून गेला, त्याला काही पटलं नव्हतं हे दिसत होतं. पण चंद्रभानभाऊंनी अध्यक्षपद सोडण्याची गोष्ट कुणी काढली नाही आणि त्यांनीही काढली नाही. फरशीऐवजी सध्या सिमेंटचा कोबा करायचा ठरला. जाळ्यांचं लोखंड नफा न घेता मिळेल हे मी सांगितलं, तेव्हा आयुष म्हणाला, काचा आम्ही पोरं बसवू. जाताना कौसल्याताईंनी आणखी एक सांगितलं: यापुढं काही घ्यायचं असेल तर सगळं एकदम घेऊ नका. लागेल तसं, तीन वेळा घ्या. एखादी खेप महाग पडेल, एखादी स्वस्त.

चंद्रभानभाऊ आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आले. मी दार उघडलं तेव्हा त्यांनी ते हातानं धरून ठेवलं. मग म्हणाले, "ताई, खरं सांगू का? मले तुमचा राग आला होता. महिनाभर होता."

"येणारच."

"तुम्ही नुसता भाव सांगत होत्या तेव्हा बी येत होता," ते म्हणाले, आणि आपल्याच बोलण्याचं त्यांना हसू आलं.

परतीच्या वाटेवर कौसल्याताई उमरेडपर्यंत झोपल्या.

अभ्यासिका पुढच्या जानेवारीत सुरू झाली. जमीन कोब्याची, खिडक्यांच्या काचा दोन रंगांच्या, कारण पोरांनी त्या दोन दुकानांतून आणल्या. आयुष पहिल्या वर्षी पोलिसात लागला नाही, दुसऱ्या वर्षी वनरक्षक झाला. दरम्यान सरकारनं तो कर काढला, भाव पुन्हा चढला, पुन्हा उतरला. चीनचा स्वस्त माल येतो आहे, अमेरिकेनं कर वाढवला, असं काय काय वहीच्या समासात येत राहिलं. गिरिधरशेठ दरवर्षी बाजाराच्या सभेला बोलावतात. कौसल्याताई जातात, सगळं लिहून घेतात, शेठना वाचून दाखवतात. फोनवर त्यातलं काही सांगत नाहीत. कुणी फारच मागं लागलं तर म्हणतात, "मी एकदा सांगितलं होतं, चुकलं," आणि कुठं, कसं, ते सगळं त्या गिऱ्हाइकाला सांगतात. मोकळा वेळ असेल तर तारखांसकट.

मागच्या वर्षी अभ्यासिकेवर मुलींसाठी दुसरी खोली चढवायचं ठरलं. चंद्रभानभाऊ आता थकलेत, चालताना काठी लागते, पण फोन तेच करतात. लोखंड तीन खेपांत घेतलं. पहिल्या दोन खेपा बऱ्या पडल्या, तिसरी सगळ्यात महाग पडली. गावात त्यावर कुणी काही बोललं नाही.

स्लॅबच्या दिवशी चंद्रभानभाऊंनी कौसल्याताईंना बोलावलं होतं. रविवार होता, त्या सकाळच्या एसटीनं एकट्याच आल्या. मिक्सर सुरू होता तेव्हा त्यांनी वर चढून सळाखींची जाळी पाहिली, वाकून एका सळाखीवरची कारखान्याची पुसट झालेली खूण वाचली आणि मला म्हणाल्या, "ही दुसऱ्या खेपेची." दुपारी तुळसाबाईच्या घरी जेवण होतं. भाकरी, वांग्याची भाजी आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा. तुळसाबाईनं जपून खा म्हणून बजावलं होतं, तरी त्यांनी ठेचा दोनदा घेतला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पदरानं पुसत होत्या आणि मिनलच्या लग्नाचं ठरतंय ते सांगत होत्या. चारच्या गाडीनं त्या परत गेल्या. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, आणि दहाच्या आत रायपूरचे फोन सुरू होतात.